देवावर राग आला म्हणजे विश्वास संपला का?

समुपदेशनासाठी येणारी श्रद्धाळू माणसे एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो: "देवाचा राग येतो, माझा विश्वास संपला का?" नवापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती शिक्षिकेची हकिगत त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्या आश्रमशाळेत शिकवतात. पतीची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीने त्यांना डायलिसिससाठी सुरतेला न्यायचे आणि उरलेल्या दिवसांत शाळा व घर सांभाळायचे, असा त्यांचा क्रम होता. डायलिसिसच्या तारखांची चिठ्ठी त्यांनी बायबलमध्ये ठेवली होती. चिठ्ठी काढण्यापुरतेच ते उघडले जाई. प्रार्थनासभेतील काही मंडळींनी "ताई, तुमचा विश्वास कमी पडतो, म्हणून गुण येत नाही" असे सुनावले होते, आणि आजारपणापेक्षा या एका वाक्याने त्या अधिक खचल्या होत्या.

मी त्यांना बायबलच्या जुन्या करारातील, म्हणजे त्याच्या पहिल्या भागातील, १३ वे स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितले. सहाच वचनांच्या या स्तोत्रातील पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा सवाल चार वेळा येतो: देवा, कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड फिरवणार? हे स्तोत्र शेवटी भरवशाकडे वळते. ८८ वे स्तोत्र मात्र तसे वळत नाही. हेमान या प्राचीन रचनाकाराच्या नावावर असलेले ते गाऱ्हाणे अंधारातच संपते, आणि तरीही इस्राएलाच्या लोकांनी ते गाळले नाही, उपासनेच्या १५० स्तोत्रांत जपून ठेवले. दिनदर्शिकेवर छापण्यासाठी ही वचने सहसा कोणी निवडत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण देवाकडे तोंड करून केलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच आहे, हे खचलेल्या माणसाला तेथेच कळते.

"पण मंडळी म्हणतात ते?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही जुन्या करारातील ईयोबाकडे, निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या माणसाकडे, वळलो. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर सारे ठीक होते. मग मात्र ते त्याच्या दुःखामागे त्याचे पाप शोधू लागले. ईयोब भांडला, जन्मदिवसाला शाप देऊन बसला, देवाकडे जाब मागत राहिला. देवाने वावटळीतून त्यालाही खडसावले हे खरे, पण ४२ व्या अध्यायात देवाचा कोप होतो तो मित्रांवर: माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ बोलला नाहीत, असे तो त्या मित्रांपैकी अलीफजाला सांगतो. हे वचन वाचून बाई बराच वेळ रडल्या.

श्रद्धेचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला मी झोपेविषयी आणि जेवणाविषयीही विचारतोच, आणि हेही मला जुन्या करारातूनच उमगले आहे. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. होरेब या देवाच्या डोंगराची वाट आणि देवाशी संभाषण त्यानंतरचे. शिक्षिकेची झोप तुटपुंजी होती आणि सुरतेच्या दिवशी दुपारचे जेवण होतच नसे. म्हणून आठवड्यातील एक फेरी दिराने करावी हे आम्ही घरच्यांशी बोलून ठरवले, आणि त्यांनी स्वतःची तपासणीही करून घेतली.

पतीचे डायलिसिस चालूच आहे. त्या आता रोज एक विलापस्तोत्र वाचतात, राग आला तर तोही प्रार्थनेत बोलून दाखवतात आणि सभेला पुन्हा जाऊ लागल्या आहेत. ज्यांना हाच प्रश्न छळतो, त्यांना मी सुचवतो की ईयोबाचे पुस्तक पहिल्या दोन अध्यायांतील सोशिक ईयोबापाशी थांबवू नये. ते तिसऱ्या अध्यायापासून सावकाश, आणि शक्य झाल्यास मध्येच उपदेश न करणाऱ्या कोणासोबत, शेवटपर्यंत वाचावे.