पार्किन्सन्समध्ये अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का?

प्रश्न: आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहतो. सासऱ्यांना पार्किन्सन्स निघालाय, लेवोडोपा चालू आहे, शिवाय हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी. नणंद म्हणतात व्हिटॅमिन ई, क्यू टेन आणि हळदीच्या कॅप्सूल दिल्या की मेंदूच्या पेशी वाचतात. खर्च बराच आहे, द्यायच्या का?

उत्तर: ताई, नणंदबाईंचं अगदीच चुकीचं नाहीये. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजन खातो जवळपास २० टक्के, त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, तयार होतात, आणि पार्किन्सन्समध्ये ज्या पेशी जातात त्यांच्यात डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) मोडतानाही होतात, म्हणून अँटीऑक्सिडंट, म्हणजे या रॅडिकल्सना निकामी करणारं काही, दिलं की पेशी टिकतील असं डॉक्टरांनाही वाटलेलंच. म्हणून तर अमेरिका-कॅनडात ८०० पेशंटवर ट्रायल झाली, व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट, आणि १९९३ ला रिझल्ट आला की काहीच फरक नाही. क्यू टेनचं, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या एका अँटीऑक्सिडंटचं, तर फार वाईट वाटतं, खूप आशा होती त्याच्याकडून, ६०० पेशंट, रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅमपर्यंत डोस, पण फायदा दिसेना म्हणून २०११ मध्ये ट्रायल मधेच थांबवली. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात जातंच फार थोडं. भाजीत हळद घालता ती घालत राहा, कॅप्सूलवर पैसे नकोत.

अल्झायमरमध्ये व्हिटॅमिन ईने रोजची कामं स्वतः करण्याची ताकद थोडी जास्त टिकली असं २०१४ च्या एका ट्रायलमध्ये दिसलं, पण स्मरणशक्तीला उपयोग झाला नाही, आणि तो आजारच वेगळा.

आता तुमच्या घरातली खरी काळजीची गोष्ट. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर व्हिटॅमिन ईचा मोठा डोस गेला तर ब्लीडिंगचा धोका वाढतो, त्यामुळे चालू केलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. आणि अशा कॅप्सूलमध्ये कधीकधी आयर्नही असतं, ते लेवोडोपाला धरून बसतं, औषध नीट शोषलं जात नाही आणि मग घरचे म्हणतात गोळी लागू पडत नाही! डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा.

तो पैसा फिजिओथेरपीवर घाला, मी तर आग्रहाने सांगेन. सकाळी उपवनला तलावाकाठी चालायला न्या, सोबत कोणीतरी असू दे, वळताना तोल जातो. लेवोडोपाच्या वेळा मात्र चुकवू नका, आणि पुढच्या व्हिजिटला घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्यूरोलॉजिस्टना दाखवा, आयुर्वेदिक असल्या तरी.