काकांना दिलेला हप्ता म्हणजे कंपनीला दिलेला हप्ता नव्हे

कराडचे एक दुकानदार विचारतात: मार्चचा 38,000 रुपयांचा हप्ता राहिला आणि बारा वर्षं चालवलेली आयुर्विम्याची पॉलिसी लॅप्स झाली. एजंट काका म्हणतात, "रोख द्या, मी चालू करून आणतो. गेल्या वर्षी निघालेला मधुमेह फॉर्मवर लिहू नका." पैसे द्यावेत का?

पॉलिसी जरूर चालू करा. आता नवी घ्यायला गेलात तर वय आणि साखर, दोन्हींमुळे महाग पडेल. रोख मात्र काकांच्या हातात देऊ नका.

काका घरच्यासारखे आहेत, मान्य. त्यांच्या सचोटीबद्दल मी बोलतच नाही, प्रश्न अधिकाराचा आहे. 1987 साली एलआयसीच्या एका एजंटाने विमेदाराकडून राहिलेल्या हप्त्याचा बेअरर चेक (जो कोणी बँकेत नेईल त्याला रोख मिळते असा) नेला आणि दुसऱ्याच दिवशी वटवला. पैसे एलआयसीत भरले ते दोन महिन्यांनी, विमेदार वारल्याच्या दुसऱ्या दिवशी! सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये सांगितलं की एजंटाला हप्ता घेण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून ते पैसे एलआयसीला पोचले असं धरता येत नाही. विम्याच्या रकमेचा दावा फेटाळला गेला. हे प्रकरण वाचताना मला त्या घरातल्या माणसांचंच वाईट वाटत राहतं.

काही एजंटांना पुढचे हप्ते घ्यायची परवानगी असते. त्यांनाही घेतलेला हप्ता कमिशन न कापता, सुट्ट्या वगळून 24 तासांत कंपनीकडे पोचवावा लागतो. पण तुमची पॉलिसी बंद पडली आहे. ती नुसत्या पैशाने उठत नाही, कंपनीने मंजुरी द्यावी लागते.

मधुमेह लपवायचा सल्ला तर अगदी चुकीचा. एजंटाला जे ठाऊक आहे ते त्याने कंपनीला कळवायचं असतं. फॉर्म काकांनी भरला तरी सही तुमची. शिवाय विमा कायद्याच्या कलम 45 मधली तीन वर्षं पॉलिसी पुन्हा चालू झाल्यापासून नव्याने मोजतात, म्हणजे तेवढा काळ कंपनी लपवलेला आजार उकरून काढू शकते.

मधुमेह लिहिल्यावर कंपनी तपासणी मागेल, हप्ता वाढवेल, कदाचित नकारही देईल. पारंपरिक, म्हणजे विम्यासोबत बचतही होणारी पॉलिसी असेल तर बारा वर्षांचे हप्ते तरीही बुडत नाहीत, कमी रकमेची पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता टिकणारी पॉलिसी उरते.

तेव्हा काकांना घेऊनच शाखेत जा, साखरेचे रिपोर्ट जोडा, पैसे चेकने किंवा ऑनलाइन थेट कंपनीच्या नावे भरा आणि पॉलिसी क्रमांकाची पावती हातात घेऊनच बाहेर पडा. मंजुरीचं पत्र येईपर्यंत विमा चालू आहे असं घरी सांगू नका.