घरांचे भाव उतरताहेत. आत्ता घ्यावं की अजून थांबावं?

तळ नेमका कुठे, हे तो मागे पडल्यावरच कळतं. त्यामुळे भावापेक्षा आधी स्वतःचा मुक्काम ठरवा. त्या घरात किमान ५–७ वर्षं राहणार नसाल तर घेऊ नका. खरेदी-विक्रीचा खर्चच अंगावर येतो.

मंदीत खरा घोळ व्याजदराचा असतो. २० वर्षांच्या कर्जाचा दर ८ वरून १० टक्क्यांवर गेला आणि घर १० टक्क्यांनी स्वस्त झालं, तरी हप्ता आधीपेक्षा साधारण ४ टक्के जास्तच बसतो (कर्जाचं प्रमाण तेच धरून). म्हणजे स्वस्ताई कागदावरच. उलट भाव आणि दर दोन्ही उतरत असतील, तर थांबण्याचा फायदा मोजताना मधल्या काळातलं घरभाडं वजा करायला विसरू नका.

१० टक्केच स्वतःचे घातले आणि भाव १५ टक्के पडले, तर सुरुवातीच्या वर्षांत घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं होतं. हप्ते भरता येत असतील तोवर हे नुसतं डोक्याला टेन्शन. पण नोकरी गेली की घर विकूनही कर्ज फिटत नाही, आणि नोकऱ्या जातात त्या मंदीतच. म्हणून स्वतःचे निदान २० टक्के घाला, शिवाय सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवा.

बांधकाम चालू असलेलं घर शक्यतो टाळा, बिल्डरचे पैसे याच काळात अडकतात. तयार घर बघा. जाहिरातीतला भाव सोडून द्या, त्याच इमारतीत गेल्या तीन-चार महिन्यांत नोंदणी झालेले व्यवहार काढा आणि घासाघीस तिथून खाली सुरू करा.