तिरप्या रेघा आणि गिटारवादकाची लिपी

प्रश्न : वसईतील आमच्या चर्चच्या गायनवृंदासाठी मी म्यूझस्कोर ४ या सॉफ्टवेअरमध्ये पाने तयार करतो. गिटारसाठी स्टाफच्या, म्हणजे स्वरलेखनाच्या पाच रेषांच्या, मधल्या रेषेवर चार क्वार्टर नोट्स (प्रत्येकी एका मात्रेचे स्वर) लिहून वर कॉर्डचे, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरसमूहाचे, नाव देतो. पण वादक त्या नोट्स खरे स्वर समजून वाजवतात, आणि गाणे दुसऱ्या पट्टीत नेले की त्या नोट्स मधल्या रेषेवरून हलतात. तिरप्या रेघा कशा आणाव्यात?
– एक वाचक, वसई

उत्तर : आपण स्वर लिहीत आहात, म्हणूनच वादक स्वर वाजवत आहेत आणि पट्टी बदलताच सॉफ्टवेअरही त्यांना स्वर मानून सरकवत आहे. येथे दोन वेगळ्या खुणा लागतात, आणि त्यांतील फरक आधी मनात पक्का करावा. दांडी (स्वरचिन्हाला जोडलेली उभी रेघ) नसलेली तिरपी रेघ म्हणजे एक मात्रा. त्या मात्रेत कॉर्ड कशी छेडायची हे वादकाच्या समजेवर सोडलेले असते. दांडी असलेली तिरपी रेघ मात्र ठरलेली लय सांगते, आणि ती तशीच वाजली पाहिजे.

पहिल्या प्रकारासाठी रिकामे बार (उभ्या रेषांमधले मात्रांचे गट) निवडून टूल्स मेनूतील 'फिल विथ स्लॅशेस' ही आज्ञा द्यावी. ४/४ मध्ये, म्हणजे चार मात्रांच्या तालात, प्रत्येक बारमध्ये चार रेघा येतील. कॉर्डसाठी ज्या मात्रेवर ती बदलते तीच रेघ निवडून कंट्रोल आणि के दाबावे. तिसऱ्या मात्रेवर बदलणारी कॉर्ड बारच्या सुरुवातीला लिहिली, तर सगळा वृंद दोन मात्रा आधीच पुढे जातो.

दुसऱ्या प्रकारासाठी लय आधी नेहमीच्या स्वरांत लिहावी. समजा, पहिला आघात एकवर आणि दुसरा दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धावर हवा आहे : डॉटेड क्वार्टर नोट (दीड मात्रा), मग एट्थ नोट (अर्धी मात्रा), आणि उरलेल्या दोन मात्रांची विश्रांती. हे स्वर कोणत्याही रेषेवर लिहिले तरी चालतात, कारण ते निवडून त्याच मेनूतील 'टॉगल ऱ्हिदमिक स्लॅश नोटेशन' ही आज्ञा दिली की पहिल्या व्हॉइसमधील (एकाच स्टाफवर लिहिता येणाऱ्या स्वतंत्र ओळींपैकी पहिलीतील) स्वर मधल्या रेषेवर तिरप्या रेघांच्या रूपात बसतात. दोन्ही आज्ञांनी तयार झालेल्या रेघा पट्टी बदलल्यावर जागच्या हलत नाहीत, तर कॉर्डची नावे मात्र नव्या पट्टीप्रमाणे बदलतात. आपली अडचण नेमकी येथे सुटते. या रेघा प्लेबॅकमध्ये ऐकू येत नाहीत, त्यामुळे शांत बार ऐकून फाइल बिघडली असे समजू नये.

वादकाला आपली साथ चालू ठेवून गायकांचे आघात केवळ दाखवायचे असतील, तर ती लय तिसऱ्या व्हॉइसमध्ये लिहून हीच आज्ञा द्यावी. ती लहान आकारात स्टाफच्या वर जाते. त्यानंतर खाली साध्या रेघा भरता येतात. माझा आग्रह एवढाच, की दांडीच्या रेघा संपूर्ण गाण्यात पसरू नयेत. जेथे सर्वांनी एकाच क्षणी थांबायचे किंवा उचलायचे आहे तेथेच त्या लिहिल्या, तर वादकाची नजर तेथे आपोआप थबकते.