फुली मारलेली घरं

प्रश्न : ताई, मी वारली आहे, आरेतल्या एका पाड्यावर राहते. एम.एस.डब्ल्यू.च्या प्रकल्पासाठी आमच्या पाड्यांवरच्या बायकांच्या रक्तक्षयाचे आकडे हवे होते. एका कार्यालयात विचारलं, तर साहेब हसले. म्हणाले, "मुंबईत कुठले आदिवासी?" आमची खरंच कुठे नोंदच नाही का?
– एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : साहेबांना २०११ची जनगणना दाखव. एकट्या उपनगर जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे लाखाच्या आसपास लोक मोजलेत. म्हणजे शंभरात एक, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका जिल्ह्यातून साधारण ९०० घरं घेतात. त्यात तुमची नऊ-दहा आली तर आली. तेवढ्यावरून कुणी टक्केवारी काढत नाही, काढूही नये. म्हणून देशाचा आकडा मिळतो (२०१९-२१च्या पाहणीत आदिवासी बायकांमध्ये ६४.६ टक्के रक्तक्षय, एकूण बायकांमध्ये ५७), आरेचा नाही.

बाकीचा दोष आमच्या वह्यांचा. मी पंचवीस वर्षं आरोग्य सेविका होते. पोलिओच्या फेरीत दारावर खडूने खूण करायचो, डोस झाला तर 'पी', घर बंद असलं तर फुली. पाड्यावर पोचेपर्यंत दहा वाजायचे, तोवर बायका टोपली घेऊन बाजाराला गेलेल्या. शेणाने सारवलेल्या कुडावर खडू धड उमटायचाही नाही. वहीत लिहायचं 'घर बंद'. फुलीच्या घरी परत जायचं असतं. मी दर वेळी गेले, असं खोटं सांगणार नाही.

जमातीचा रकाना तर त्या वहीत नव्हताच. जन्मनोंदणीच्या फॉर्मवरही धर्म विचारतात, जमात नाही. त्यातून पोरगी बाळंतपणाला माहेरी जव्हारला गेली, की जन्माची नोंद तिकडेच. आडनावावरून ओळखायला जाऊ नकोस, फसशील. महादेव कोळी, मल्हार कोळी अनुसूचित जमातीत आहेत, सोनकोळी नाहीत.

माहितीच्या अधिकारात 'आदिवासींचे आकडे' मागितलेस तर 'उपलब्ध नाही' एवढंच उत्तर येईल. जो रकानाच नाही, तो तुझ्यासाठी कोण भरणार? त्याऐवजी पाड्यांची नावं घाल आणि तिथल्या गरोदर बायकांच्या हिमोग्लोबिनच्या नोंदी माग, बायकांची नावं वगळून. गरोदरपणी ११च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.

शिवाय स्वतः घरोघर जा. प्रत्येकीला आधी विचार, नको म्हणाली तर पुढच्या घरी. आणि अहवालात पाडा वेगळा दाखवू नकोस, चार-पाच पाडे एकत्र कर. तीस घरांच्या वस्तीत 'वय २२, दुसरं बाळंतपण' एवढं लिहिलं तरी ती कोण, हे सगळ्यांना कळतं. जायचं कधी, हे मात्र मी तुला काय सांगणार? बाजाराची वेळ तुझ्याइतकी आम्हाला ठाऊक असती, तर एवढ्या फुल्या पडल्याच नसत्या.