शहरीकरणावर टीका करणाऱ्या कवितेचं रसग्रहण कसं लिहावं?

कविता दोनदा मोठ्यानं वाचा आणि आधी क्रियापदं अधोरेखित करा. अशा कवितेत टीका बहुतेक वेळा तिथेच असते. समजा ओळ अशी आहे: 'जेसीबीनं डोंगराचा लचका तोडला, डोंगर गप्प राहिला.' इथे यंत्र जनावरासारखं वागतं आणि डोंगर माणसासारखा सोसतो. 'चेतनगुणोक्ती अलंकार आहे' (म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते) एवढं लिहून थांबू नका. त्यामुळे डोंगर कापणं ही हिंसा वाटू लागते, हे लिहा. गुण त्या वाक्याला मिळतात.

आशयसौंदर्य (कविता काय सांगते), काव्यसौंदर्य (अलंकार, प्रतिमा), भाषिक वैशिष्ट्यं (शब्दांची निवड) हे तीन मुद्दे घ्याच, पण आशय चार-पाच ओळींत आटपा. बहुतेकांचं इथेच बिनसतं: कवितेचा सरळ अर्थ पानभर लिहितात, मग 'झाडे लावा'चा निबंध सुरू होतो आणि कविता बाजूलाच राहते.

आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या कवितेत खाजण (खाडीकाठची खारी, दलदलीची जमीन), कांदळवन (खाऱ्या पाण्यातली झाडी), जांभा (तांबडा दगड) आला तर त्यामागचं वास्तव एका वाक्यात जोडा. खाजणात उधाणाचं पाणी पसरतं. तिथे भराव टाकून प्लॉट पाडले की तेच पाणी वाडीत शिरतं. म्हणून 'खाडी घर शोधत आली' अशी ओळ असेल तर ती नुसती कल्पना नाही, त्या ओळीत कारण आणि परिणाम दोन्ही आहेत. हे ज्याला दिसलं त्याचं रसग्रहण लगेच वेगळं उठून दिसतं.

शेवटी कवीचा सूर ओळखा: राग, उपरोध की हळहळ? तो कुठल्या शब्दावरून कळला तो शब्द अवतरणात द्या.