गेमपॅड घ्या, पण आधी त्या ‘एफडी’चा बॉन्ड कपाटातून काढा

प्रश्न: सर, वय 27, मूळ गाव रावेर तालुक्यात. जळगावला एमआयडीसीत नोकरी आहे, हातात 38 हजार येतात. खोलीभाडं 6 हजार, घरी 8 हजार पाठवतो. वडिलांची 4 एकर केळी आहे. मला कार रेसिंग गेम्सचं वेड आहे. सध्या कॉलेजच्या लॅपटॉपवर (जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड) कीबोर्डने खेळतो, पण गाडी प्रत्येक वळणावर फिरते. मित्र म्हणतात गेमपॅड हे खेळणं आहे, खरी मजा स्टिअरिंगशिवाय नाही. प्लेस्टेशन 5 आणि स्टिअरिंग घेऊ, की सव्वा लाखाचा गेमिंग पीसी? पैशांची सोय आहे: बँकेतल्या मॅडमनी करून दिलेली एफडी, वर्षाला 60 हजार, दोन वर्षं भरली. पुढच्या महिन्यात तिसरा हप्ता कापला जाण्याआधी मोडतो, 1 लाख 20 हजार आणि व्याज येईल. तोवर वस्तू क्रेडिट कार्डवर घेऊन ठेवतो. 10 वर्षं भरलं की 20 वर्षांनी 13 लाख मिळणार होते, टॅक्सही वाचत होता. बॉन्ड घरी आहे. यूट्यूब चॅनेल काढून महिना 10 हजार निघाले तरी खर्च वसूल. सेव्हिंग खात्यात 45 हजार आहेत.

भाऊ, कार्ड पाकिटातच राहू द्या. गेमबद्दल सांगतोच, पण ज्या पैशांवर तुम्ही हे सगळं ठरवलंय ते पैसे नाहीतच.

एफडीचा बॉन्ड येत नाही, पावती येते. एफडी एकदाच भरतात, तिला दरवर्षी हप्ता नसतो. आणि 10 वर्षं भरा, 20 वर्षांनी घ्या असली एफडी आपल्याकडची कुठलीच बँक देत नाही. कपाटातून तो बॉन्ड काढा आणि पहिलं पान वाचा. ‘लाइफ अश्युअर्ड’ म्हणून तुमचं नाव असेल, ‘पॉलिसी टर्म 20’, ‘प्रीमियम पेइंग टर्म 10’ असं छापलेलं असेल, आणि विमा रक्कम बहुधा 6 लाख. ही आयुर्विम्याची एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकाच पुडीत. शाखेत बसणारी व्यक्ती बँकेची, माल विमा कंपनीचा आणि कमिशन विकणाऱ्याचं. असे बॉन्ड मी इतके पाहिलेत की आता पत्रात ‘एफडी’ आणि ‘हप्ता’ हे दोन शब्द शेजारी दिसले की पुढचं न वाचताही कळतं.

आता मोडण्याचा हिशोब. दोन हप्ते भरून पॉलिसी सोडली, तर जुन्या नियमाने हमीचं सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के. म्हणजे 1 लाख 20 हजारांचे 36 हजार. व्याज विसरा, मुद्दलातलेच 84 हजार गेले. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम बदलले आणि लवकर सोडणाऱ्याला थोडं बरं मूल्य मिळू लागलं. तुमची पॉलिसी त्या तारखेच्या आधीची की नंतरची हे बॉन्डवर दिसेल. नंतरची असली तर 36 हून जास्तही निघतील, पण 1 लाख 20 हजार काही केल्या निघणार नाहीत.

कार्डवर सव्वा लाखाची खरेदी करून बसला असतात, तर 36 हजार भरल्यावर मागे 89 हजार राहिले असते. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात. नुसतं व्याजच महिना तीन हजारांवर. शिवाय पुढच्या महिन्यात खात्यातून 60 हजार आपोआप कापायला येणार, आणि खात्यात आहेत 45. हप्ता बाउन्स, वर बँकेचा दंड. हे सगळं एकाच महिन्यात.

तेरा लाखांकडे पाहू. 10 वर्षांत 6 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 13 घ्यायचे, म्हणजे परतावा साधारण 5 टक्के. तेच 60 हजार दरवर्षी पोस्टात पीपीएफमध्ये टाकले असते, तर आजचा 7.1 टक्के दर धरून त्याच विसाव्या वर्षी साडेसतरा लाखांच्या आसपास झाले असते. साडेचार लाखांचा फरक, आणि त्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं? 6 लाखांचं विमा कवच. वडिलांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज असेल आणि म्हातारपणी आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर तुम्हाला काही झाल्यावर 6 लाख किती दिवस पुरतील याचा हिशोब घरी बसून करा.

आणि टॅक्स! वर्षाचा पगार साडेचार लाखांच्या घरात. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य, आणि तिथे 80सीची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत गेलात तरी 50 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न 5 लाखांच्या आत, म्हणजे तिथेही शून्य. ज्याला एक रुपया कर लागत नाही त्याला कर वाचवायला 60 हजारांची पॉलिसी विकली. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा, मी इथे लिहू शकत नाही.

पण राग आला म्हणून गणित सोडू नका. 84 हजार गेले ते गेले, आता फक्त पुढचं बघायचं. रस्ते तीन.

चालू ठेवली, तर आजपासून 8 हप्ते म्हणजे 4 लाख 80 हजार भरून 18 वर्षांनी 13 लाख. सोडली आणि 36 हजार अधिक तेच 8 हप्ते पीपीएफला नेले, तर 14 लाखांच्या थोडं वर. फरक एक-दीड लाखाचा, आणि सरेंडर मूल्य 36 हून जास्त मिळालं तर आणखी थोडा वाढेल. मोठा नाही, हे मी लपवणार नाही. तिसरा रस्ता ‘पेड-अप’: हप्ते बंद, पॉलिसी लहान होऊन पडून राहते. 10 पैकी 2 हप्ते भरलेत, म्हणजे 6 लाखांच्या दोन दशांश, मुदतीला 1 लाख 20 हजार. बोनस वगैरे जमेला धरू नका. 36 हजार 7 टक्क्यांनी 18 वर्षं ठेवले तरी तेवढेच होतात. बरोबरीच असेल तर पैसे आपल्या हातात असलेले बरे.

मी सोडायला सांगतोय ते त्या दीड लाखासाठी नव्हे. महिना 5 हजारांचं हे जोखड तुमच्या पगाराला झेपत नाही, म्हणून. तुमच्या घरचं उत्पन्न केळीवर आहे. मे-जूनचं वादळ रावेर-यावल पट्ट्यात काय करतं हे मी जळगावच्या माणसाला सांगायला नको. घड लागलेली मृगबाग (मृगात लावलेली केळी) एका संध्याकाळी आडवी होते, आणि वादळ नसेल त्या वर्षी सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग येतो. अशा घरातल्या मुलाच्या खात्यात मोडता येणारे पैसे हवेत. 20 वर्षं कुलूप लावलेले तिथे कामाचे नाहीत.

म्हणून क्रम असा. आधी 50 लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे तुम्हाला काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा. तुमच्या वयाला, व्यसन नसेल तर, वर्षाला सात-आठ हजारांच्या आसपास. तो मंजूर होईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात होतं. मग सरेंडर. आलेले 36 आणि खात्यातले 45, असे 80 हजार झाले. हा तुमचा तीन महिन्यांचा आपत्कालीन पैसा. खऱ्या एफडीत ठेवा आणि पावती घ्या. आईवडिलांना आरोग्य विमा आहे की नाही हे पत्रात नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ठरलेल्या आजारांवर आणि ठरलेल्या दवाखान्यांत. जळगावातले कोणते दवाखाने यादीत आहेत ते आत्ताच बघून ठेवा, ॲम्ब्युलन्समध्ये बसून बघायची गोष्ट नाही ती.

मॅडमविरुद्ध तक्रार करायची असेल तर ‘एफडी’ असं लिहिलेला एखादा व्हॉट्सॲप मेसेज शोधा. बॉन्ड आल्यापासून 30 दिवसांत परत करायची मुदत असते, ती कधीच गेली. मेसेज सापडला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. नुसत्या तोंडी बोलण्यावर मात्र फार आशा ठेवू नका. प्रपोजल फॉर्मवर सही तुमची आहे.

आता गेम. तुमची गाडी वळणावर फिरते कारण कीबोर्ड. बाण दाबला की चाक पूर्ण वळतं, सोडला की सरळ. ब्रेक एकतर शंभर टक्के नाहीतर शून्य. अर्धा ब्रेक दाबून वळणात शिरायचं हे कीबोर्डला जमतच नाही. गेमपॅडवर डावी दांडी अंगठ्याने हवी तेवढीच कलते आणि मागचे ट्रिगर ॲक्सिलरेटर-ब्रेकसारखे थोडे-थोडे दाबता येतात. दांडीचा एकूण प्रवास सेंटिमीटरभराचा, लॉजिटेकच्या स्टिअरिंगचा 900 अंश, म्हणजे अडीच फेरे. ही तफावत गेम स्वतः भरून काढतो: अंगठा झटक्याने गेला तरी चाक हळू वळवतो आणि वेग वाढला की कमी वळू देतो. म्हणून गेमपॅड हे खेळणं वगैरे काही नाही. मित्रांना म्हणावं, गेम बनवणाऱ्यांनी या अंगठ्यावर भरपूर मेहनत घेतलीय.

तुमच्या लॅपटॉपवर असेटो कोर्सा हा 2014 चा रेसिंग गेम आरामात चालतो. पाच-सहा हजारांचा एक्सबॉक्सचा गेमपॅड घ्या, विंडोजला तो लावला की ओळखतो. मग त्या गेमच्या कंट्रोल्समध्ये जाऊन डेडझोन कमी करा, म्हणजे अंगठा हलल्याबरोबर चाक हलेल. गामा वाढवा, म्हणजे मधल्या भागात चाक नाजूक राहील. आणि स्पीड सेन्सिटिव्हिटी थोडी-थोडी बदलत बघा. एका वेळी एकच आकडा बदला, त्याच ट्रॅकवर, त्याच गाडीने. महिनाभर एवढं करा. त्यानंतरही स्टिअरिंगची भूक राहिली तर ती खरी.

कन्सोल की पीसी? तुमच्यासाठी कन्सोल, पण वर्षभराने. प्लेस्टेशन 5 पन्नास-पंचावन्न हजारांना, आणि ग्रान तुरिस्मो 7 फक्त प्लेस्टेशनवरच आहे. नवा गेम चार-पाच हजारांना, विकतचा गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी वेगळी. स्टिअरिंग आणखी पंचवीस-तीस हजार, शिवाय ते घट्ट बसवायला जड टेबल. खोलीवरच्या प्लॅस्टिकच्या टेबलाला लावलंत तर पहिल्याच वळणाला टेबल तुमच्या मांडीवर. म्हणजे नव्वद हजार ते लाख, टीव्ही सोडून. पीसीवर गेम सेलमध्ये स्वस्त, ऑनलाइनला वर्गणी नाही, आणि आयरेसिंगसारखं गंभीर सिम (खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल करणारा गेम) फक्त तिथेच आहे. त्याला मात्र वर्गणी आहेच, वर गाड्या आणि ट्रॅकही वेगळे विकत घ्यावे लागतात. सव्वा लाखात मशीन आणि मॉनिटर झाला की स्टिअरिंगला पैसे उरत नाहीत. आणि मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या आसपास असताना, बिना एसीच्या भाड्याच्या खोलीत ते ग्राफिक्स कार्ड तासन्‌तास तापवायचं, हे मला तरी पटत नाही. लाइट जाते म्हणून यूपीएस घ्या, तो खर्च वेगळा.

हप्त्याचे 5 हजार सुटतील त्यातले 600-700 टर्म विम्याला, उरलेल्यातले 4 हजार ‘प्लेस्टेशन’ नावाच्या आरडीत. चौदा महिन्यांत 56 हजार. रोख घ्या. स्टिअरिंग त्यानंतर, आणि घेताना खोका वाचा: लॉजिटेकचं जी29 प्लेस्टेशनला चालतं, जी920 चालत नाही, ते एक्सबॉक्सचं. पीसीला दोन्ही चालतात. ‘सगळ्याला चालतं साहेब’ म्हणणारा दुकानदार भेटला तर दुकान बदला.

चॅनेल जरूर काढा, पण महिना 10 हजार वहीत लिहू नका. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4 हजार तास पाहिलेले व्हिडिओ लागतात, आणि ते झाल्यावरही सुरुवातीला जे येतं त्यात मोबाइलचा रिचार्ज निघाला तरी खूप. कोणी तुम्हाला 2011 ला गेमची स्पर्धा जिंकून खऱ्या शर्यतीत पोचलेल्या यान मार्डनबरोचं उदाहरण देईल. खरं आहे ते. ज्या जीटी अकॅडमीने त्याला नेलं ती मात्र 2016 नंतर बंद आहे. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहा, काही आलं तर सरप्राइज.

या आठवड्यात दोनच कामं. विमा कंपनीच्या शाखेत जाऊन सरेंडर आणि पेड-अप, दोन्हीचे आकडे लेखी मागा. मॅडमकडे नको, त्या ‘अजून एक वर्ष थांबा’ म्हणतील. आणि बँकेत ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.